पंखवाल्या कवट्या

पहिला फटका बसला तेव्हा माझ्या हातात बायस्कोपच्या पेटीची दोरी होती. बोस्टनचा पूल दाखवून झाला होता, पुढचं चित्र खाली सोडलं होतं आणि त्याच्याबद्दल काय सांगायचं ते तोंडात जुळवत होतो. भिंगाच्या भोकाला डोळा लावून बसलेला तरणा माणूस एकदम मागं सरला आणि धावत आपल्या बैलबंडीकडे गेला. मला वाटलं, चालला खेळाचे मूठभर तांदूळ न देताच. असे लोक असायचे. मी हाक मारणार एवढ्यात तो वळला. बंडीच्या कडेला रोवतात ती लाकडी उभारी त्यानं उपसून घेतली होती. ती माझ्या पाठीवर आदळली आणि माझा श्वास जो गेला तो बराच वेळ परत आलाच नाही.

"मुंड्या!" तो ओरडत होता. "याच्या पेटीत मुंड्या हायेत! पुलाखाली पुरलेल्या मुंड्या!"

आज इतक्या वर्षांनी थंडीत पाठ शेकायला बसलो की तीच आरोळी ऐकू येते. कोणाच्या कृपेनं वाचलो ते लिहून ठेवावं म्हणून हे लिहितोय. शाळा चौथीतच सुटली माझी, तेव्हा लिहिण्यात वेडंवाकडं असेल ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझं गाव रत्नागिरीकडचं, एक लहानसं बंदर. वडील खलाशी होते. एका खेपेला गेले ते आलेच नाहीत. गलबत फुटलं, की आणखी काही झालं, कोणी सांगितलं नाही. शाळा सुटली, आणि पुढं एका मामानं मला बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीवर आणलं. तिथं एकदा माझ्यापासून हातभर अंतरावर छत खाली आलं. कंदिलाच्या उजेडात मला फक्त एका माणसाचे पाय दिसत होते, आणि ते हलत होते. वर आलो तो पुन्हा कधी खाली उतरलो नाही. तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. चांद्याला एक म्हातारा बायस्कोपची पेटी घेऊन फिरायचा. त्याचे पाय थकले होते, त्याला पेटी वाहणारा हवा होता. तो गेल्यावर पेटी माझी झाली. लाकडाची पेटी, पुढं भिंगं बसवलेली चार भोकं, आत दोऱ्यांना टांगलेली चित्रं. लोक उकिडवे बसून डोळे लावायचे, मी वरून काळं फडकं टाकायचो आणि एकेक दोरी सोडत गाणं म्हणावं तसं सांगत जायचो.

म्हाताऱ्याची चित्रं जुनी होती. ताजमहालाला वाळवी लागली होती आणि हनुमानाचं तोंड राहिलं नव्हतं. नवी चित्रं मिळाली ती तापामुळं. हिवतापानं मी एका मिशनच्या दवाखान्यात पडून होतो. तिथली म्हातारी नर्सबाई अमेरिकेची, आयुष्य इकडंच गेलेलं, आता कायमची घरी निघाली होती. तिच्या खोलीत तिच्या गावाचे मोठे मोठे फोटो होते, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. ते तिनं मला दिले. म्हणाली, "मी आता खरंच बघणार. तू हे लोकांना दाखव." गाव म्हणजे बोस्टन. समुद्रावरचं जुनं बंदर.

त्या फोटोंवर मी जगत होतो असं म्हणालो तर खोटं नाही. जकातीच्या कचेरीचा आकाशात घुसलेला मनोरा होता आणि त्याला घड्याळ. एका जुन्या बाजाराच्या इमारतीच्या शेंड्यावर सोन्याचा मुलामा दिलेला टोळ बसवला होता. डोलकाठ्यांचं जंगल असलेलं जुनं लढाऊ जहाज, पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च, बागेतल्या तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या. गुडघाभर बर्फातून दुधाची गाडी ओढणारा घोडा. हातगाड्यांवर कांदे-बटाटे मांडून ओरडणारे लोक, आणि त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्या टोप्या घातलेल्या बाया. धक्क्यावर बसून जाळी विणणारे कोळी. तो कोळ्यांचा फोटो मी एकटा असलो की काढून बघायचो. त्यांचे हात माझ्या वडिलांसारखे होते.

लोक मजा करायचे. आरमोरीच्या बाजारात बर्फ बघून एक म्हातारी म्हणाली होती, "बापा बापा! एवढा कापूस रस्त्यावर सांडून ठेवला, अन एकही बाई वेचाले नाई!" आणि त्या टोळावर तर वादच व्हायचे. "आमच्या धानाचा सत्यानाश करते तो, अन हे लोक त्याले सोन्याचा करून माथ्यावर बसवते? डोक्यावर पडले असन."

शेवटचे दोन फोटो असे. एक, नदीच्या मुखावर तेव्हा नुकताच झालेला प्रचंड लोखंडी पूल. दुसरा, गावातलं जुनं कब्रस्तान. काळ्या पाटीच्या दगडांच्या रांगा, आणि प्रत्येक दगडाच्या माथ्यावर कोरलेली कवटी. कवटीच्या दोन बाजूंना पंख. नर्सबाईनं मला सांगितलं होतं की जीव उडून जातो म्हणून ते पंख. मला ते आवडलं होतं.

त्या वर्षी आलापल्लीच्या पुढं जंगलात एका नदीवर पूल चालला होता. आणि गावोगाव बातमी होती की पूल मुंड्या मागतोय. पायाखाली माणसाचं डोकं घातल्याशिवाय खांब उभा राहत नाही, म्हणून ठेकेदारानं मुंड्या कापणारी माणसं सोडलीत, ती वेष बदलून फिरतात. बाया एकट्या सरपणाला जाईनात. एका कांबळं विकणाऱ्याला कुठल्याशा गावात लोकांनी कान तुटेपर्यंत मारलं होतं. एका बहुरूप्याचा हात मोडला होता. मी हे सगळं ऐकत होतो आणि भीत होतो. पण भुकेनं माणूस भीतीच्या पुढं चालतो. पुलाजवळचा तो बाजार मोठा भरायचा.

बाजाराच्या दिवशी एका अंगाला कोंबड्यांच्या झुंजी चालल्या होत्या. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधलेला एक लाल कोंबडा दुसऱ्याच्या छातीवर उभा होता आणि लोक ओरडत होते. त्यामुळं माझ्याभोवती आरडाओरडा सुरू झाला तरी आधी कोणाला काही वाटलं नाही. मग झुंजीकडचे लोक माझ्याकडं आले.

दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्याला मी हात आडवा केला आणि डाव्या हाताची दोन बोटं मोडली. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ओली काडी मोडावी तसा. नंतर किती जण होते ते ठाऊक नाही. कोणीतरी केस धरून मला फरफटत नेलं. तोंडावर लाथ बसली आणि एक दात मी स्वतःच गिळला. मोहाच्या झाडाला मला बंडीच्या दोरानं बांधलं. दोर गळ्यावरूनही घेतला होता, मान खाली घातली की आवळायचा. म्हणून मी सगळा वेळ मान वर करून होतो आणि सगळ्यांची तोंडं मला दिसत होती.

"किती मुंड्या नेल्या बे?"

"मी नाही हो, मी खेळ दाखवतो. देवाशपथ."

"बोलते कसा पाहा! पोथी वाचल्यावानी! कुठचा बे तू?"

"रत्नागिरीकडचा."

"ते कुठी हाये?"

"समुद्रावर."

"समुद्रावरून इथी आला? काऊन आला इतक्या दूर? इथी तुह्या बापानं धान पेरून ठेवलं होतं का?" लोक हसले, आणि हसता हसता एकानं बैल हाकायच्या पराणीचं अणकुचीदार टोक माझ्या मांडीत घातलं.

उभारीवाला तरणा माणूस हसत नव्हता. त्याचे डोळे लाल होते. तो ढिवर होता, नदीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याचा थोरला भाऊ होळीच्या आधी पुलाच्या कामाला गेला होता आणि परत आला नव्हता. मुकादमानं घरच्यांना सांगितलं होतं की तो पळाला, दुसरीकडं कुठं कामाला लागला असेल. भावाच्या चपला मात्र पुलाच्या छावणीवर सापडल्या होत्या. हे सगळं तो माझ्या तोंडावर थुंकी उडवत सांगत होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभारीचं टोक माझ्या छातीवर मारत होता.

"चपला टाकून कोण पळते? सांग! चपला टाकून कोण पळते?"

मग कोणीतरी म्हणालं, "याले मारू नोको अजून. वयनीले बोलवा. तिचा हक्क हाये."

वयनी म्हणजे त्या हरवलेल्या माणसाची बायको. ती तिकडं वाळलेले मासे विकत बसली होती. गर्दी बाजूला झाली आणि ती आली. तिशीची असेल. हाताला माशाचा वास, कपाळावर कुंकू अजून होतं. नवरा मेला असं कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून पुसलं नव्हतं. दिरानं तिच्या हातात कुऱ्हाड दिली.

"घे वयनी. पाहा, यायनंच भाऊले नेलं. पेटीत पूल हाये, अन त्याच्या खाली मुंड्याच मुंड्या."

तिनं कुऱ्हाड घेतली. हातात तोलून बघितली. मी रडत होतो, आईचं नाव घेत होतो, काय काय बोललो ते आठवत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मले पाहू द्या आधी. तुहा भाऊ त्यात असन तं मी त्याले ओळखीन."

कोणालाच ते बोलणं मोडता येईना.

पेटी माझ्या पायांजवळ ओढून आणली. आतल्या दोऱ्या कशा सोडायच्या ते कोणाला जमेना, म्हणून माझा उजवा हात मोकळा केला. ती उकिडवी बसली, कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवली आणि भोकाला डोळा लावला. दीर माझ्या बाजूला उभारी वर करून उभा राहिला. "नीट दाखव. लपवलं तं इथीच संपवीन."

मी पहिल्यापासून दाखवायला लागलो. एकाच हातानं दोऱ्या सोडताना चित्रं आत आपटत होती. मनोरा. टोळ. जहाज. सवयीनं तोंडून वर्णन निघत होतं, रक्त गिळत गिळत. "हे जुनं जहाज, लढाईत गेलं होतं. हा बर्फ, आकाशातून पडतो. हे धक्क्यावरचे कोळी, जाळं विणतात..."

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो. ती बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. तिच्या मानेची शीर उडत होती.

"पुढं."

पूल आला. मग मी शेवटची दोरी सोडली. आता आपला शेवट, असं मनात म्हणालो. डोळे मिटून घेतले होते.

"हे काय होय?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मेलेल्या माणसांचे दगड आहेत बाई. तिथं माणूस पुरतात आणि वर दगड उभा करतात. दगडावर त्याचं नाव. ती कवटी कोरलेली आहे, खरी नाही. तिला पंख आहेत बघा."

"खोटं बोलून राह्यला!" दीर ओरडला आणि उभारी माझ्या कानाजवळ झाडावर बसली. मोहाची साल उडून माझ्या डोळ्यात गेली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड. जंगलातल्या गावचा माडिया आदिवासी होता. मीठ घ्यायला आला असावा. त्यानं कोणाला न विचारता दुसऱ्या भोकाला डोळा लावला. बघून झाल्यावर तो उठला आणि तुटक मराठीत म्हणाला, "हे खरं सांगते. आमच्या गावात पण असंच. माणूस मेला, की त्याचा दगड उभा करते. मोठा माणूस, मोठा दगड. हे लोक आमच्यासारखे हाये." मग माझ्याकडं बघून, "कुठचे होय ते लोक?"

"अमेरिकेचे."

"आमच्यासारखे हाये," तो पुन्हा म्हणाला, आणि मिठाचं गाठोडं सावरत बाजूला झाला.

त्या जंगलाच्या वाटेवर माडियांचे ते दगड सगळ्यांनी बघितलेले होते. पोरांसकट सगळ्यांनी. गर्दीत कुजबुज झाली. पण बाई अजून भोकाला डोळा लावूनच होती.

"सगळ्याइचा दगड लावते का रे? गरिबाचा पण?"

मला माहीत नव्हतं. तरी म्हणालो, "हो."

"अन तुह्या बापाचा हाये?"

हे तिनं काऊन विचारलं, देव जाणे. माझ्या तोंडून खरं निघालं. "नाही बाई. समुद्रावर गेला तो आला नाही. कोणी सांगितलंसुद्धा नाही मेला म्हणून. आई अजून कुंकू लावते."

ती उठली. तिनं कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. पातं उन्हात चमकलेलं मला दिसलं आणि मी मान खाली घातली. दोर गळ्यात आवळला. घाव बसला तो पेटीवर. पेटी दुभंगली, भिंगं फुटली. तिनं पुन्हा मारला, पुन्हा मारला, लाकडाचा भुगा होईपर्यंत ती मारत होती आणि घशातून असा आवाज काढत होती की झुंजीतले कोंबडेसुद्धा गप्प झाले. मग फुटक्या लाकडांतून तिनं कब्रस्तानचा पुठ्ठा ओढून काढला, दिराच्या तोंडासमोर धरला.

"हे पाहा! परदेशात मेल्यावर दगड लावते. अन आपला माणूस कुठी हाये? याले काऊन मारून राह्यला? चाल, ज्याले माहीत हाये त्याले विचारू!"

तिनं माझ्या मानेमागच्या दोरावर घाव घातला. पातं कानाला चाटून गेलं, तो कान आजही थोडा फाटलेला आहे. दोर तुटला आणि मी तिच्या पायांवर पडलो. ती मला ओलांडून गेली. सगळा बाजार तिच्या मागं गेला.

मी तिथंच पडून राहिलो. उठायची ताकद नव्हती. बोस्टन माझ्याभोवती विखुरलं होतं; बर्फातल्या घोड्यावर कोंबड्याचं रक्त सांडलं होतं. थोड्या वेळानं नदीच्या बाजूनं धूर निघाला. छावणीच्या झोपड्या पेटल्या होत्या. मग मुकादमाच्या किंकाळ्या आल्या. ज्या उभारीनं माझी बोटं मोडली तीच आता तिकडं चालली असणार, हे मला आवाजावरून कळत होतं. मला सुटका झाल्याचा आनंद होत होता. आणि तो आवाज थांबावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं.

मुकादमानं सांगितलं म्हणे. खांबाच्या पायाची विहीर खोदताना बाजू ढासळली, माणूस खाली राहिला. काढायला वेळ लागेल म्हणून वरून गिट्टी-चुना ओतला आणि काम पुढं चालू ठेवलं. मुंडी कोणी कापली नव्हती. माणूस अख्खाच गेला होता. मुकादमाचे दोन्ही पाय मोडले, तो जगला.

संध्याकाळ व्हायच्या आत ती परत आली. मी तसाच मोहाखाली. तिनं आणि दिरानं मला उचलून त्यांच्या घरी नेलं. दिरानं माझ्याकडं बघितलं नाही, पण माझा भार त्याच्याच खांद्यावर होता. माझ्या बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या त्याही त्यानंच. तेव्हा एकदाच बोलला. "दुखते का?" मी म्हणालो, "नाही." "खोटं," तो म्हणाला, आणि गाठ सैल केली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी आधी गावातल्या माणसांना ओळीत बसवून लाठ्यांनी झोडलं, मग विचारपूस केली. मी जाळ्यांच्या ढिगाआड पडलो होतो, तिथून मला बाहेर काढलं. जमादारानं विचारलं, "तुला कोणी मारलं? दाखव बोटानं." दीर समोरच बसला होता, ओठ फाटलेला. बाई दारात उभी होती. कपाळ पुसलेलं होतं.

"झाडावरून पडलो साहेब," मी म्हणालो. "मोहाच्या."

जमादारानं मला एक थप्पड दिली आणि दुसरीकडं गेला. तोच त्या दोन दिवसांतला शेवटचा मार. मुकादमासाठी मात्र दिराला धरून नेलंच, आणि तो बराच काळ आत होता.

त्या घरात मी बरा झालो. पेटी पुन्हा केली नाही. जाळं विणायला मला लहानपणीच येत होतं, मोडक्या बोटांनीही येत होतं. दीर आत असेपर्यंत त्याचा मासेमारीचा डोंगा नदीवर मी चालवला. मग आणखी काही वर्षं, मग सगळंच आयुष्य. घरी पाठवायचो जमेल ते. आई गेली तेव्हा पोचलो नाही.

तो माडिया म्हातारा पावसाळ्याआधी दोन माणसं घेऊन आला. त्यांनी जंगलातून एक उभा दगड खांद्यावर आणला होता. आम्ही ढिवर नाही करत असं काही, गावात कोणी म्हणालंसुद्धा. खांबासमोरच्या काठावर बाईनं स्वतः खड्डा खोदला. दगड रोवण्याआधी बोस्टनचा तो पुठ्ठा तिनं तळाशी ठेवला, कवट्या वरच्या बाजूला करून. मी म्हणालो, पावसात सडेल. ती म्हणाली, "सडू दे. पंख हाये ना त्याले."

पूल पुढं झाला. आता त्यावरून बस जाते. पूल आला की मी बस थांबवून खाली उतरतो आणि पायी पार होतो. कंडक्टर शिव्या देतो, म्हाताऱ्याला वेड लागलंय म्हणतो. त्या खांबावरून मला चाकावर बसून जाववत नाही. चालताना दोन-तीनदा मागं वळून बघतो, कोणी उभारी घेऊन येत नाही ना. मग काठावरच्या दगडाकडं बघून हात जोडतो आणि पलीकडं थांबलेल्या बसकडं जातो.